पहिल्याच कपात चमचा

पुरे... छे, तुम्हाला नाही म्हणत, तुम्ही बसा! त्या शब्दाविषयीच माझी तक्रार आहे. तुम्हाला सांगतो, जगातली माणसं 'पुरे' हा शब्द तोंडाने उच्चारतात, फार तर हात आडवा धरतात. आम्ही जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरची, पूर्व फ्रीसियातली माणसं, समुद्राच्या बांधाआड जन्म काढलेली, आम्ही तो चमच्याने उच्चारतो. कपात आधी खडीसाखरेचा खडा, त्यावर कढत चहा, खडा कसा तडकन बोलला पाहिजे, मग कडेकडेने साय सोडायची, आणि ढवळायचं मात्र नाही! मग चमचा कशाला दिला? तो बशीत निजवून ठेवायला. बशीत आहे तोवर यजमान ओतत राहणार, तीन कप हा पाहुण्याचा हक्कच आहे. चमचा कपात उभा राहिला की पाहुणा 'पुरे' म्हणाला, किटली बंद, विषय बंद. इतका सोपा शब्द! तो उच्चारायला इथलं शेंबडं पोरही चुकत नाही, आणि मी चुकलो, पन्नाशी उलटलेला, शाळेत लॅटिन शिकवणारा, शब्दाशब्दावर मुलांचे कान उपटणारा मी... आणि त्यापायी उभा उन्हाळा एका मोटारसायकलशी झोंबत बसलो. चमचा बशीत ठेवायचा होता हो!

त्याचं असं झालं. लग्नात मी गेशेला, म्हणजे माझ्या बायकोला, शब्द दिला होता की तुला मोटारसायकलवर मागे बसवून डोंगर दाखवीन. आमच्याकडे डोंगर म्हणाल तर समुद्राचा बांध, आणि त्याच्यावरही मेंढ्या आपल्या आधी जाऊन बसलेल्या. लग्नातले शब्द कोण लक्षात ठेवतो? बायका ठेवतात! एके दिवशी भांडी पुसता पुसता म्हणाली, "ऑनो, माझे गुडघे अजून वळतात. डोंगर कधी?" झालं. जुनी गाडी शोधता शोधता पलीकडच्या गावच्या हिंदेर्ककाकांकडे पोचलो. काका विधुर, तालेआकाकू जाऊन फार दिवस झाले नव्हते. गाडी काळीभोर, रुंद, अशी पुसलेली की मला माझंच तोंड तिच्यात शहाणं दिसलं.

काकांनी चहा ओतला. काका बोलतात कसे, ठाऊक आहे? एक वाक्य, मग किटली, मग खिडकी, मग उरलेलं वाक्य. "गाडी चांगली आहे, पोरा," म्हणाले, "पण तिचं काय आहे..." आणि साय सोडायला थांबले. तेवढ्यात माझी नजर गेली खिडकीबाहेर, तर रेनकोटातला एक इसम गाडीभोवती घिरट्या घालतोय! दुसरं गिऱ्हाईक! किल्ली तर टेबलावर समोरच, हातात चमचा, तो हात मोकळा करायचा म्हणून कुठेतरी टाकला, आणि कुठे टाकला? कपात! पहिल्याच कपात! काकांनी चमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, किटलीवर लोकरीची टोपी चढवली, आणि वाक्य तिथेच सोडून किल्ली पुढे सरकवली. आणि बाहेरचं ते गिऱ्हाईक... पोस्टमन होता हो, काकांचं मांजर गाडीच्या आसनावरून उतरवत होता!

मग सुरू झाले भोग. गाडी हळू चालवली की हँडल मान हलवतं, नाही, नाही, नाही, जणू मीच तिला काही अनुचित विचारलंय! वेग वाढवावा तर इंजिन असं कोकलतं, जसं विटांनी भरलेलं गाडं ओढतंय. वळणावर मी कलतो, ती कलत नाही. लग्नात नाचायला ओढलेली आत्या जशी ताठ उभी राहते, तशी ताठ. स्प्रिंगा इतक्या कडक, की रस्त्यावरचा प्रत्येक खडा मला मणक्याने मोजता यावा. तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं मी धातू चालवले, क्रियापदं चालवली, कशाने असा छळ केला नाही!

गाडी नेली फोकोकडे. फोको म्हणजे आमच्या गावचा मेकॅनिक, ट्रॅक्टर आणि दूध काढायची यंत्रं दुरुस्त करतो, मोटारसायकलीला तो 'अर्धा ट्रॅक्टर' म्हणतो. खाली वाकून म्हणाला, "गुरुजी, मागचं टायर सपाट आहे की, मोटारीचं बसवलंय कुणी शहाण्यानं! गोल घाला." घातलं गोल. गाडी कलायला लागली खरी, पण हँडल आता नाही-नाही न म्हणता थयथयाट करू लागलं. मग आला माझा मेहुणा रेमर, ज्याने आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलं नाही आणि म्हणूनच ज्याला सगळं कळतं. "स्प्रिंगा मऊ कर रे, भाऊजी, माणूस आहेस की पोतं?" केल्या मऊ. गाडी भरतीतल्या होडीसारखी डुलू लागली, मला माझ्याच अंगणात बोट लागली! बरं, पुढचं चाक धरणारा काटाही काही निराळाच, पाळण्यासारखा. तो कोणी बदलला, कशासाठी बदलला, हे कळल्याशिवाय आपण त्यावर आणखी बदल करत सुटलोय, म्हणजे कोणाच्या तरी अर्ध्या वाक्यापुढे आपल्या मनाने पूर्णविराम देतोय... पण हे सुचायला डोकं जागेवर लागतं, माझं तर हेल्मेटात खुळखुळ्यासारखं वाजत होतं. आणि त्या अर्ध्या वाक्याचा उरलेला भाग कुठे होता? हिंदेर्ककाकांच्या तिसऱ्या कपात! चमचा बशीत ठेवायचा होता!

आणखी एक गंमत. गाडीच्या उजव्या अंगाला चौकटीवर लोखंडाचे मजबूत कान होते, कशाला, देव जाणे. फोको म्हणाला, "फसलेली गाय ओढायला." रेमर म्हणाला, "बिअरची पेटी अडकवायला, आणखी कशाला?" गेशेने वाद घातला नाही, तिने बाजारातून आणलेली कोबीची पिशवी तिथे अडकवली. आणि काय सांगू, त्या दिवशी गाडी शहाण्यासारखी चालली! कोबी उतरवला की पुन्हा थयथयाट. तेव्हापासून मी शाळेत कोबी घेऊन जायला लागलो. मुलं फाटकात ओळीने उभी राहून, "मोइन, कोबीसर!" मोइन म्हणजे आमचा नमस्कार, सकाळी, दुपारी, कधीही करता येतो, तो इतका कुत्सितपणे करता येतो, हे मला तेव्हा कळलं.

शेवटी गेशे म्हणाली, "कोबीला फिरवतोस, मला कधी?" बसवली मागे. चर्चजवळच्या वळणावर मी वळलो, माझा जीव वळला, मागे गेशे वळली, गाडी तेवढी सरळ गेली, थेट मक्याच्या शेतात. कोणाला लागलं नाही. गेशे उतरली, हेल्मेटमधून मक्याचं पान काढलं, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं, अशा शांत आवाजात म्हणाली, "ऑनो, मी आगगाडीचं तिकीट काढते. डोंगराचं. एक."

एक! तुम्हाला सांगतो, लॅटिनमध्ये एकवचन आहे, जर्मनमध्ये आहे, सगळीकडे आहे, पण बायकोच्या तोंडचं एकवचन ऐकू नये माणसाने.

तशीच थयथयाटी गाडी घेऊन काकांच्या दारात गेलो, भांडायला. अंगाला मका चिकटलेला, जिभेवर शब्द तयार. काकांनी पाहिलं, म्हणाले, "मोइन. चहा?" आता यजमान चहा ओतत असताना भांडायचं, इतके काही आम्ही जंगली नाही. बसलो. चमचा बशीत, आणि चमच्यावर माझा हात, पळून जाईल म्हणून दाबून धरलेला! पहिला कप, काका गप्प. दुसरा कप, "वारा पश्चिमेचा दिसतो." तिसरा कप ओतला, खडा तडकला, साय वर आली ढगासारखी, आणि काका म्हणाले, "तर तिचं काय आहे, पोरा... ती एकटी कधी चाललीच नाही."

मला कोठारात नेलं. ताडपत्री बाजूला केली. खाली साइडकार, गाडीच्या त्या लोखंडी कानांना जोडायची! लाल आसन, त्यावर घडी घातलेली गोधडी, आणि उबेला ठेवावी तशी लोकरी टोपीची एक छोटी किटली.

"तालेआ इथे बसायची. तिच्यासाठी मी पुढचा काटा बदलला, मागे मोटारीचं टायर घातलं, स्प्रिंगा कडक केल्या, तीन चाकांची जी काही तऱ्हा असते ती सगळी गाडीच्या अंगात मुरवली. ती गेली, तेव्हा साइडकार सोडवून इथे ठेवली. पण गाडीला कोण सांगणार? ती अजून उजवीकडचं ओझं धरून चालते." गोधडीची घडी सारखी केली. "मी तरी कुठे निराळा चालतो."

माझी भांडणाची तयारी तिथेच वाहून गेली. तरी विचारलं, "काका, हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगत होतो की. तू पुरे म्हणालास." आणि अगदी साधेपणाने, "पाहुण्याच्या पुरेपुढे बोलणारा मी कोण?"

म्हटलं, "मग ही साइडकार मला द्या. गेशे बसेल."

"देतो. पण गेशे तुझी बायको, ती तुझ्या मागे बसेल, तुला धरून. या जागेवर..." त्यांनी गोधडी उचलली, एक पाय आत टाकला, कण्हत दुसरा टाकला, आणि मांडीवर किटली घेऊन बसले. "ही जागा रिकामी फिरवायची नाही. माझ्या गुडघ्यांना आता चालवणं झेपत नाही, बसणं झेपतं."

फोकोने जुनं सपाट टायर परत बसवलं, वर, "मी तर पहिल्यापासून म्हणत होतो!" स्प्रिंगा पुन्हा कडक झाल्या, साइडकार जोडली, आणि गाडी अशी सरळ निघाली की मक्याच्या मालकाने टोपी काढली. आम्ही डोंगरही पाहिले. म्हणजे त्यांनी पाहिले. काका उजवीकडून म्हणायचे, "पोरा, जरा हळू, साय फुटते," गेशे मागून म्हणायची, "काकांचं ऐक रे," आणि माझी नजर आपली रस्त्यावर. आता दर रविवारी काका फाटकात तयार असतात, गोधडी, किटली, तीन कप. रस्त्याकडेला थांबतो, ते ओततात. चमचा? चमचा तर बशीतच असतो, माझी काय बिशाद!

गावात ही गोष्ट सांगतात, की म्हाताऱ्याने मास्तराला अर्धीच गाडी विकून टोपी घातली. साफ चूक. काकांनी काही लपवलं नाही, मीच ऐकून घेतलं नाही. आणि दुसरी चूक त्याहून मोठी आहे: सगळे म्हणतात, ऑनोने हिंदेर्ककाकांची गाडी घेतली.

अहो, गाडी कुठली घेतली मी... काकांनी ड्रायव्हर घेतला.