चातुर्मासातला टॅब

भरतेश : काका, सव्वा तास झाला तुम्ही माझ्या दुकानात ह्याच स्टुलावर बसलाय. चहा दोनदा झाला. घ्यायचा का नाही, एवढं तरी सांगा.

शांतिनाथ : घ्यायचं नंतर. आधी हे हाय काय ते ठरव. मोबाईल हाय का टीव्ही?

भरतेश : टॅब आहे.

शांतिनाथ : ते खोक्यावर लिवलंय. वाचलं मी.

चंदनबाला : आवं, तुमी नियम मोबाईलचा घेतलाय. ह्यो मोबाईल न्हाई. झालं.

शांतिनाथ : झालं कसं? महाराजांपुढं हात जोडून सांगितलंय, चातुर्मास संपस्तवर मोबाईलला शिवणार न्हाई. आन उद्या हे मोबाईलचा थोरला भाऊ निघालं तर?

भरतेश : बाकीची माणसं चातुर्मासात हिरवी भाजी सोडतात, काका. गोड सोडतात.

शांतिनाथ : भाजीनं मला कवा तरास दिला न्हाई.

भरतेश : बरं, ह्यात सिम बसत नाही. वायफायवर चालतो. सिम नाही म्हणजे मोबाईल नाही.

शांतिनाथ : फोन येतो का?

भरतेश : व्हिडिओ कॉल येतो.

शांतिनाथ : मग मोबाईलच की.

चंदनबाला : मार्केट यार्डातल्या आपल्या हळदीच्या दुकानात भिंतीला फोन हुता, वायरीचा. त्यो काय मोबाईल हुता व्हय?

शांतिनाथ : त्यो हलत नव्हता.

चंदनबाला : ह्यो बी हलायचा न्हाई. टेबलावर ठेवते आन वर वरवंटा ठेवते.

भरतेश : काकू, वर काही ठेवू नका.

शांतिनाथ : भरतेश, तू सख्खा पुतण्या म्हणून इचारतो. रोजच्या वापराला ह्याचा उपयोग काय?

भरतेश : दुकानदार म्हणून सांगू का पुतण्या म्हणून?

शांतिनाथ : दुकानदार काय म्हणतो?

भरतेश : मोठा स्क्रीन. प्रवचन ऐका, पेपर वाचा, हळदीचे भाव बघा, घरबसल्या लाईट बिल भरा.

शांतिनाथ : आन पुतण्या?

भरतेश : पहिले आठ दिवस माणसं हे सगळं करतात. नवव्या दिवशी टॅब कपाटात जातो. दिवाळीच्या साफसफाईत सापडतो, तेव्हा चार्जर सापडत नाही. मग माझ्याकडे येतात आणि मी चार्जर विकतो.

चंदनबाला : तू कुणाकडनं हायस रं?

भरतेश : मला पण कळंना झालंय, काकू. दुकान माझंच आहे.

शांतिनाथ : ऐकलंस? प्रवचन मी मंदिरात ऐकतो. तितं खांबाला टेकून झोप बी बरी लागती. हळदीचा भाव पोत्यात हात घातला की कळतो. आन पेपरचं म्हणशील तर वाचून झालेल्या पेपरात मला हळदीचं सँपल बांधता येतं. ह्यात बांधून दाखव.

चंदनबाला : हळद बांधायला न्हाई घेत मी. लाईट बिलाला बी न्हाई. आन हे ह्यास्नी चांगलं ठावं हाय.

शांतिनाथ : मला काय बी ठावं न्हाई.

चंदनबाला : आज चार वाजता ब्राह्मीचा फोन हाय, बेंगलोरास्नं. माझ्या मोबाईलवर पोरगी दिसाय लागली की हे उठून घरामागं परड्यात जातात. नियम मोडंल म्हणून. तितं पाठ करून उभं ऱ्हातात आन नळ गळतोय का बघतात.

भरतेश : नळ गळतो का?

चंदनबाला : नळच न्हाई तितं.

भरतेश : म्हणजे काका, ब्राह्मीशी अजून बोलणं नाही?

शांतिनाथ : ती बोलंना.

चंदनबाला : का बोलंना ते बी सांगा की.

शांतिनाथ : मिरजेचं मेडिकल दुसऱ्या वर्षाला सोडलं तिनं. ते एक असू दे. सोडून गेली कुटं, तर गाद्यांच्या कंपनीत. काम काय, तर गादीवर झोपून बघायचं.

भरतेश : टेस्टिंग असतं ते. रिपोर्ट लिहावा लागतो.

शांतिनाथ : उठल्यावर.

चंदनबाला : गुढीपाडव्याला पंधरा माणसं जेवाय बसलेली. पोरगी सुट्टी काढून आलेली. आन हे सगळ्यांपुढं म्हणले, झोपायचंच हुतं तर आमच्या घरात काय खाटा कमी हुत्या? ताटावरनं उठली ती. तवापासनं बापाला फोन न्हाई.

शांतिनाथ : चेष्टा केली मी. सगळी हसली.

चंदनबाला : म्हणून तर उठली.

शांतिनाथ : …पाडव्यापासनं आषाढापतूर मोबाईल उशाला घेऊन झोपलो गड्या. सौद्यात बोली चाललेली आन माझा डोळा मोबाईलवर. एकदा वाटलं बॅटरी गेली, म्हणून तुझ्याकडं आणला.

भरतेश : बॅटरी चांगली होती. मी तेव्हाच सांगितलं.

शांतिनाथ : मग वाटलं रिंग बिघडली.

भरतेश : रिंग पण चांगली होती. मी इथनंच फोन लावून दाखवला, वाजला.

शांतिनाथ : वाजला तवा लय राग आला मला तुझा.

भरतेश : माझा?

शांतिनाथ : बिघडला असता तर बरं झालं असतं. मग दमलो. चातुर्मास बसला, महाराज म्हणले, कशाचा तरी त्याग करा. म्हणलं, ह्याचा करतो. आता बरं हाय. तिचा फोन येत न्हाई, असं काय न्हाई. मी मोबाईल सोडलाय.

(भिंतीवरच्या अकरा टीव्हींवर एकच बाई एकच कढई घासते आहे. तिघंही तिकडं बघत बसतात.)

चंदनबाला : ती इचारती.

शांतिनाथ : काय?

चंदनबाला : दर खेपंला इचारती. म्हणती, आई, तुझ्या मागं परड्यात उभं हाय ते अण्णा हायत का झाड?

शांतिनाथ : तू काय सांगतीस?

चंदनबाला : झाड.

शांतिनाथ : का?

चंदनबाला : अण्णा म्हणून सांगितलं तर पाठ का केलीय ते बी सांगाय लागंल.

भरतेश : काका, एक विचारू? नियम न शिवायचा आहे ना? न बघायचा नाही. काकूंच्या मोबाईलमध्ये नुसतं डोकावलं तर काय मोडणार आहे?

शांतिनाथ : मोबाईल एवढासा. डोकवायचं म्हणजे हिच्या खांद्याला खांदा लावून बसायचं. तेवढं जवळ गेल्यावर ती न्हाई बोलली तर कुटं जायचं माणसानं?

भरतेश : हां.

शांतिनाथ : ह्यात किती लांबनं दिसतं?

भरतेश : काय?

शांतिनाथ : चेहरा. किती फुटावरनं दिसतो?

भरतेश : आठ-दहा फुटांवरनं दिसंल.

शांतिनाथ : आन तिकडं मी?

भरतेश : तुम्ही पण दिसणार. जरा बारीक.

शांतिनाथ : बोलाय लागतं का?

भरतेश : सक्ती नाही.

चंदनबाला : चाराला दहा कमी हायत. ह्यो घरी निऊन लावूस्तवर फोन येऊन जाईल.

शांतिनाथ : मग हितंच ह्याच्यावरनं लाव की तिला.

भरतेश : इथं? काका, गिऱ्हाईक येतं.

शांतिनाथ : सव्वा तासात एक बी आलं न्हाई. काउंटरवर उभा कर त्याला. तू चालू कर, हिनं बोलावं. मी शिवणार न्हाई. हे स्टूल मागं घे. अजून मागं. मोज, दहा फूट हाय का?

भरतेश : नऊ. मागं फ्रीज आला.

शांतिनाथ : असू दे नऊ.

चंदनबाला : आवं, आन आज तिनं इचारलं, मागं कोण हाय म्हणून, तर काय सांगू?

शांतिनाथ : झाडच सांग. आज बसलंय म्हणावं.