आईची चाल

विषय — मुलीचा उजवा खुबा. संदर्भ — आपलाच प्रश्न, ‘काका, इथं कुणासाठी आलात?’ त्या अनुषंगाने सादर करण्यात येते की — हसलात ना? हसा. सगळी नोकरी बांधकाम परवान्यांच्या टेबलावर गेली हो, तोंडाला तेच वळण. मुलगी आत आहे, सीटी स्कॅनच्या खोलीत. लहान नाही, चौतिशीची आहे. खुब्याची वाटी उथळ म्हणे, जन्मापासून. मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात पुरता झाकला जात नाही — म्हणजे घर आहे, पण छज्जा आखूड. इतकी वर्षं कळलं कसं नाही? मीही हेच विचारलं. डॉक्टर म्हणाले, दुखेपर्यंत कोण बघतं! साधा एक्स-रे झाला, पण तो सपाट — वाटी पुढून उघडी की मागून, त्यात धड समजत नाही. म्हणून हे थ्रीडी. अख्खा खुबा संगणकावर उभा करतात आणि हवा तसा फिरवतात. दुसऱ्या कुणाचा तरी दाखवला आम्हाला, नाव झाकून. छान दिसतो, खोटं कशाला बोलू, दिवाणखान्यात ठेवावा असा. त्यावर मापं घ्यायची, मग वाटीभोवतीचं हाड कापून, वळवून, गोळ्यावर नीट बसवायचं. आत्ता केलं तर स्वतःचा सांधा टिकेल. आतला गुळगुळीत थर झिजला, की मग धातूचा. थांबण्यात शहाणपण नाही, हे मलाही कळतं — कळतं हो.

लंगडायची का? छे! लंगडणं कोण म्हणणार? आमच्याकडे त्याला ‘आईची चाल’ म्हणायचे. तिची आई अश्शीच चालायची, उजवीकडे जरा झुकून. माझी बहीण कौतुकानं सांगायची — नाक बापाचं, पण चाल बघा, हुबेहूब वहिनी! झाला आमचा तपास. वाटी तिचीही उथळच असणार. तिच्या खुब्याचा फोटो कुणी काढला नाही, आता काढायला ती नाही.

सुटीत मुलगी राहायला येते ना, तेव्हा सकाळी मी आतल्या खोलीत पडलेला असतो. बाहेर पावलं वाजतात — एक जड, एक हलकं, जड, हलकं — मी डोळे उघडत नाही. चहा ठेवल्याचा आवाज झाला, की उघडतो. हे तुम्हाला कशाला सांगतोय मी?

तर, ऑपरेशननंतर कुबड्या. ती एकटी राहते, वर जायला जिना. म्हणाली, ‘बाबा, तीन महिने तुमच्याकडे येऊ? तुम्ही हो म्हणालात, की तारीख घेते.’ साधी गोष्ट. बाप काय नाही म्हणणार आहे? नाही म्हटलेलंच नाही. ‘बघू’ म्हटलं. डॉक्टर म्हणतात, पुढं चालही सरळ होईल. सरळ. चांगलंच आहे.

थांबा, दार वाजलं. ऐका — जड... हलकं. आली. उठा हो जरा, तिला बसू द्या. आणि विचारलंच तिनं, तर आपण पंख्याबद्दल बोलत होतो.

तारखेचं काय ठरलं म्हणता? अर्ज आमच्याकडे आला आहे. विचाराधीन आहे.