डावा बूट

…नाही, पाचशे रुपयांत आजकाल येतं काय हो? तुम्हीच सांगा. म्हणजे मी काही उधळ्या माणूस नाही, कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे, वीतभर कापड वाया गेलं तर मला जेवण जात नाही. पण आमच्या घरात कायदा आहे. दोघांचा पगार एका खात्यात, आणि पाचशेच्या वरचा खर्च दुसऱ्याला विचारल्याशिवाय करायचा नाही! कायदा कुणी केला? बायकोनं. का केला? तर मी एकदा माशांची काचेची टाकी आणली, जुनी, स्वस्तात… मासे नव्हते त्यात, मासे नंतर घेणार होतो… आता त्यात कांदे-बटाटे असतात. त्या दिवशी ती टाकीकडे बघून एवढंच म्हणाली, "विचारायला काय जातं?"

आता तुम्हाला सांगतो, ती पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसते. दिवसभर तेच, "आत काय आहे? फुटणारं आहे का? वजन करा. पुढचे!" ती खिडकी घरी आल्यावर बंद होते असं वाटतं तुम्हाला? मी आठ तास टेबलाशी उभा असतो, बुटाच्या तळाला भोक पडलेलं, खाली पडलेली टाचणी मला डोळ्यांआधी पायानं कळते. पण विचारायचं म्हटलं की आधीच ऐकू यायला लागतं, "जुन्यांना काय झालं? कधीपासून? दाखवा." म्हणे विचारायला काय जातं!

मग मी डोकं चालवलं. दुकानात जोड नऊशे ऐंशीचा. दुकानदाराला म्हटलं, एक द्या. तो म्हणाला, "एकच जोड आहे मास्तर." म्हटलं, जोड नाही, एक बूट. डावा. चारशे नव्वद. उजवा पुढच्या महिन्यात. त्यानं आधी माझ्या पायांकडे बघितलं, दोन्ही आहेत ना म्हणून… मग गुपचूप डावा बांधून दिला. कायदा मोडला का? नाही मोडला!

तो बूट घरी आणून कपाटावरच्या जुन्या सुटकेसमागे लपवला. एका रविवारी ती बाहेर गेली म्हणून जरा घालून बघावा, आरशात निदान एका पायाचा तरी थाट बघावा, म्हणून स्टुलावर चढलो, हात घातला… तर बुटाच्या खाली एक कागद. दातांच्या डॉक्टरचा. तिच्या नावाचा. दाढेचं काम, खर्च सहा हजार, आणि तारीख आठ महिन्यांपूर्वीची.

मी स्टुलावर तसाच उभा. आठ महिने, तुम्हाला सांगतो, जेवताना ही तिच्या ताटातली काकडी माझ्या ताटात टाकतेय, गाजर टाकतेय, शेंगदाणे टाकतेय… आणि मला वाटलं, प्रेम! मित्रांना सांगितलंय हो मी कारखान्यात, की लग्नाला अकरा वर्षं झाली, अजून मला घास काढून ठेवते म्हणून. आणि तिची दाढ ठणकत होती. लाज वाटली मला. खरंच वाटली.

ती आल्यावर कागद पुढे धरला. म्हटलं, हे काय? कायदा तुझाच ना? विचारायला काय जातं? तर पर्स खुंटीला अडकवत शांतपणे म्हणते, "विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात."

म्हटलं, मग?

"तुम्ही हो म्हणाला असतात, आणि मग टाकीच्या वेळेसारखं, मागचा-पुढचा विचार न करता खातं रिकामं करून बसला असतात. म्हटलं, दुखतंय तोवर दुखू दे."

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून नेलं तिला. खात्यातून सहा हजार गेले, आणि तुम्हाला सांगतो, सहा हजार देताना मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. बाहेर आली तर अर्धं तोंड बधिर, गालात कापूस, आणि पायरी उतरताना मला विचारते, "उववा कवी आणणार?"

म्हटलं, काय?

कापूस सावरून सावकाश म्हणाली, "उजवा. बूट. त्या बुटाखाली कागद कुणी सरकवला असं वाटतं तुम्हाला?"

म्हणजे हिला सगळं माहीत! महिनाभर!

म्हटलं झालं ते झालं, आता लपवाछपवी नको. पगार झाल्यावर पहिल्यांदा, कायद्यानं गरज नसताना, चारशे नव्वदच्या खर्चासाठी तिच्यासमोर नीट उभा राहिलो. म्हटलं, उजवा आणू का? ती पासबुक बघत होती, मान वर न करता म्हणाली, "या महिन्यात नको. दाढेत बरेच गेलेत. पुढच्या महिन्यात."

आणि माझ्या ताटात काकडी टाकली. दाढ बरी झालीय, बरं का. तरी टाकली.

तेव्हा कुणी तुम्हाला म्हणालं ना, विचारायला काय जातं… तर मला विचारा. उजवा बूट जातो.