थोरल्या बाईंसाठी अडुळसा

परक्यांचे बोलणे ऐकू नये, असे मी घरी सर्वांना बजावते. परंतु दवाखान्याच्या बाकावर शेजारच्या सासू-सुनेचे बोलणे कानी पडलेच. सासू खोकत होती.

“आठवडाभर अडुळशाचा काढा पितेय, तरी खोकला हटत नाही. पानं खुडताना झुडपाला माझं नाव सांगितलंस ना? ज्याचं नाव सांगावं, त्यालाच गुण येतो.”

“सासूचं नाव कसं घेऊ, आई? ‘घरातल्या थोरल्या बाईंसाठी’ म्हणाले.”

“अगं, थोरल्या म्हणजे माझ्या सासूबाई!”

“त्यांना जाऊन वीस वर्षं झाली.”

“वरच्या खोलीतला खोकला थांबलाय?”

“परवापासून. पण तिथे तुम्हीच खोकत होता ना?”

“तू घरात नवी आहेस. मी जिना चढून दहा वर्षं झाली, बाई.”

“मग आता?”

“डॉक्टर राहू देत, घरी चल. बरं वाटलं, की सासूबाई सगळ्यात आधी खाली उतरून स्वयंपाकघर तपासायच्या.”