गाडीच्या बदल्यात गाडी

माह्यं माहेर सुलतानपूर, लोणार तालुक्यातलं, अन् सासर हे उंद्री, चिखलीहून खामगावले जातानी लागते ते. नाव माह्यं कमल. माह्या बापाच्या घरी बैलगाडी होती, सायकलबी नव्हती, अन् मी बाई मानूस आज छत उघडनारी गाडी चालवतो, लग्नात नवरदेवाले बसवून, हे मले कोनी लहानपनी सांगितलं असतं तं मी म्हतलं असतं का याले ऊन लागलं. आता तुम्ही गाडीचं इचारलं तं गाडीचं सांगतो. फक्त मले हे नका इचारू का बरोबर केलं का चूक, कारन ते मलेच अजून समजून नाही राह्यलं.

आमचे हे, भानुदास त्याईचं नाव, खामगावले एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजीकडं ड्रायव्हर होते. शेठजीले गाड्यायचा नाद लय. त्यायनं मुंबईहून कोन्या सायबाची लाल गाडी आनली होती, इलायती, दोनच दरवाजे, नाक हे एवढं लांब, अन् उभी राह्यली का जमिनीले चिकटल्यासारखी. मांगं बसाची जागा निसती नावाले. सकाऊन सकाऊन शेठजी त्या गाडीत बसून नांदुऱ्याच्या रस्त्यानं जात अन् काही काम नसतानी वापस येत. ते वारले, पोरं पुन्याले, त्याईले ना जिनिंग पाहिजे ना गाडी. गाडी सरकीच्या गोदामात पडून, तिच्यात मांजरीनं पिलं घातली. मंग थोरला पोरगा ह्याईले म्हने, भानुदासभाऊ, बाबांची एवढी सेवा केली तुम्ही, ही तुम्हीच घेऊन जा. हे टॅक्टरले बांधून गाडी घरी घेऊन आले. मी आंगन सारवून राह्यली होती. म्हतलं हे काय आनलं? म्हने गाडी. म्हतलं याच्यात तुरीचं पोतं बसते का? तं निसते हासले.

पोतं नाही बसत पन नवरदेव बसते, हे कसं समजलं ते सांगतो. गावात एका पोराचं लग्न, अन् घोडेवाला येऊनच नाही राह्यला. बँडवाले कटाळले, नवरदेव फेटा बांधून वट्ट्यावर, त्याचा बाप याले त्याले फोन लावून राह्यला. ह्याईनं तोपर्यंत गाडी दुरुस्त करून चालती केली होती. नेली तशीच. छत मांगं घडी केलं, घडीवर सतरंजी टाकली अन् नवरदेवाले वर बसवलं, पाय सीटावर. मारुतीच्या मंदिरापर्यंत अशी वरात गेली का काय सांगू तुम्हाले, लोक नवरदेव सोडून गाडीच पाहून राह्यले होते. त्या दिवसापासून आमचा धंदाच तो झाला. उंद्री, चिखली, देऊळघाट, तिकडं मेहकरपर्यंत, लाल गाडी पाहिजे म्हनजे भानुदास.

मंग ह्याईचे डोये गेले. साखरेची बिमारी, ती आतून खाते. आधी संध्याकायी दिसेना, मंग दिवसाबी धुकं पडल्यावानी. दवाखाने झाले, डोयात सुया झाल्या, जे गेलं ते गेलं. आता त्याईले उजेड कुठं आहे ते समजते, पन समोर मानूस उभा आहे का झाड ते नाही समजत. एका वरातीत त्यायनं मले बाजूले बसवलं, म्हने कमल, तू पाह्य अन् मले सांगत जाय. मी सांगून राह्यली, डावीकडं नाचनारे पोट्टे आहेत, समोर एक बुढी आली, थांबा थांबा, अन् हे चालवून राह्यले. घरी आल्यावर म्हतलं हे नाही जमनार, कोनाचं लेकरू चाकाखाली येईन. मंग म्हने, मंग उलटं करू. तू चालव, मी सांगतो.

तशी मी शिकली, सोयाबीन निघालेल्या वावरात. हे बाजूले बसून कानानंच समजत, म्हनत आता गेअर टाक, गाडी रडून राह्यली. लायसनबी काढलं बुलढान्याले जाऊन. पहिल्या वरातीले तं बाया वट्ट्यावर उभ्या राहून माह्याकडं पाहत, एका बुढीनं माह्या नावानं कडाकडा बोटं मोडली. एका गावात नवरदेवाचा मामा आडवा झाला, म्हने बाई चालवन तं आमची वरात नाही निघत. नवरदेव वर बसलेला, तो वरूनच म्हने, मामा, मंग तुम्ही पायी चाला. हासा नका, खरं सांगतो, त्यानंतर लोक बाईवाली गाडीच मागाले लागले.

अन् हे? लग्न नसलं का हे दिवसभर गाडीपाशी. बॉनेट उघडून आत हात घालून बसलेले. बोटाले तेल लागलं का ते वासावरून सांगत हे कुठून गयते. डोये गेले तेव्हा मले भेव होतं का हा मानूस आता खाटेले लागन, पन गाडीनं त्याईले धरून ठेवलं.

आता मधात ते डॉक्टर आले. बुलढान्याचे, हाडाचे डॉक्टर, चांगला मानूस. एका लग्नात त्यायनं आमची गाडी पाह्यली अन् आठ दिवसांनी पत्ता इचारत घरी आले, सोताच्या गाडीत. तीबी तशीच, खाली, दोन दरवाज्याची, छत उघडनारी, पन नवीन. धाकट्या पोरासाठी घेतली होती म्हने, तो परदेशात गेला. चहा घेतला अन् सरळ म्हने, ताई, तुमची मले द्या, माही तुम्ही घ्या. गाडीच्या बदल्यात गाडी. ना तुम्ही काही द्या, ना मी काही देतो.

तिथूनच माह्या डोक्यात गोंधय सुरू झाला. तुम्हीच सांगा, नवी देऊन जुनी मागते मानूस, याच्यात काय समजाव? आपली जर भंगार आहे तं हा काऊन मागते? अन् आपली जर एवढी मोलाची आहे तं आपन काऊन द्याव? पोरगी ज्योती मेहकरले दिली आहे, ती फोनवर म्हने, आई, लगेच दे, बटन दाबलं का छत उघडते, लोक पागल होतीन. दीर म्हने त्या नवीत काहीतरी खोट असन, अपघाताची असन. शेजारीन म्हने तुमच्या गाडीत शेठजीनं काही दडवून ठेवलं असन. मी खरंच सीटाखाली हात घालून पाह्यलं. मांजरीचे केसं निघाले.

शेवटी मी डॉक्टरलेच इचारलं. म्हतलं डॉक्टरसाहेब, राग नका मानू, पन तुम्ही असं काऊन करून राह्यले? तं ते म्हने, ताई, माह्या गाडीचं बॉनेट उघडून पाहा. उघडलं तं आत निसतं एक काळं प्लास्टिकचं झाकन, सपाट, ताटावानी. म्हने याच्यात मी हात कुठं घालू? दवाखाना आता थोरली सून पाहते. मले बसल्या बसल्या हाताले काम पाहिजे. तुमच्या गाडीत हात जाते.

अन् तेच काम आमच्या ह्याईच्या हाताचं. मी घरात येऊन ह्याईले म्हतलं नाही द्याची. हे म्हने काऊन? म्हतलं नाही द्याची म्हनजे नाही द्याची. खरं कारन सांगता येईना, सांगितलं असतं तं ह्याईले वाटलं असतं मी कीव करून राह्यली.

अन् मंग तो राजूर घाट झाला. मोताळ्याचं लग्न, बुलढान्याहून घाट उतरून जाचं, हे बाजूले, मांगं नवरदेव, त्याले खाली दाबून बसवलं होतं. अर्ध्या घाटात ब्रेकवर पाय ठेवला तं पाय खालीच गेला, जसा चिखलात जाते. मी म्हतलं अहो, ब्रेक नाही. हे म्हने गेअर खाली घे. घेतला. गाडी वरडली. पुन्हा घे. समोर रस्त्याचं वाकडं वयन, मी डोंगराच्या अंगानं गाडी नेली अन् घासत घासत मुरमात थांबवली. दरवाजा चेपला, बाकी कोनाले खरचटलंबी नाही. नवरदेव उतरून मले म्हने, मावशी, पानी प्या. त्याचं लग्न अन् तो मले पानी पाजून राह्यला.

घरी आल्यावर हे म्हने, देऊन टाक गाडी. म्हतलं ब्रेक दुरुस्त होते, तुम्हीच करान. म्हने ब्रेकचं नाही बोलत मी. म्हतलं मी नाही भेली. म्हने तू नाही भेली, मी भेलो. वयनावर तुले सांगाचं होतं कोनत्या अंगानं घे, अन् मले समजूनच नाही राह्यलं का दरी कोनीकडं आहे. मी बाजूले बसून निसतं ओझं होतो.

म्हतलं मंग दिवसभर काय करान तुम्ही? म्हने ते माह्यं मी पाहीन. पन आवाज असा होता का ते काही पाहनार नाहीत. मंग आमचं असं चाललं, सकाऊन हे म्हनत देऊ, मी म्हनो नाही. संध्याकायी मी म्हनो बरं देऊ, तं ह्याईचं जेवन कमी. म्हतलं मंग नाही देत, तं म्हने नाही, द्याची. ह्याईले माह्यासाठी द्याची होती, मले ह्याईच्यासाठी ठेवाची होती. दोघंबी एकमेकाले खोटं बोलून राह्यलो अन् दोघायलेबी समजत होतं. डॉक्टर बिचारे फोन करत, ताई, काय ठरलं? मी म्हनो काही ठरून नाही राह्यलं.

एक दिवस ह्याईनंच शेजाऱ्याच्या फोनवरून डॉक्टरले सांगून टाकलं, या घेऊन. मले सांगितलंच नाही. डॉक्टर आले, कागदं झाले. ब्रेक ह्याईनं आधीच नीट करून ठेवला होता. दरवाजा उचलून लावा लागते, थंडीत चोक ओढून मंग सावकाश, असं सारं हे सांगत गेले, पोरगी सासरी लावतानी सांगतात तसं. मंग नव्या गाडीपाशी आले, बॉनेट उघडलं, त्या प्लास्टिकवर बोटं वाजवली अन् बंद केलं. म्हने चांगली आहे. आता चांगली आहे हे ते माह्या भावजयीच्या हातच्या भाजीलेबी म्हनतात.

त्यानंतर ह्याईनं घरातला पंखा खोलला. मंग मिक्सर खोलला, तो अजून तसाच आहे. मंग काहीच नाही, वट्ट्यावर बसून राहत, हात मांडीवर. मी रडली एकदा, चुलीपाशी, खोटं कायले बोलू. म्हतलं आपन हे काय करून बसलो.

मंग डॉक्टरचा फोन आला. म्हने गाडी चालू होऊन नाही राह्यली, भानुदासभाऊले पाठवता का? मी नव्या गाडीतूनच बुलढान्याले घेऊन गेली. दुपारभर दोघं गाडीच्या खाली. डॉक्टर डोयानं पाहत, हे हातानं चाचपत, अन् दोघायचं जमेना. डॉक्टर म्हने पुस्तकात असं दिलं आहे, हे म्हने पुस्तक राहू द्या. ह्याईच्या मनासारखं केलं तं पेट्रोल गयाले लागलं, पुस्तकासारखं केलं तं इंजिनचा आवाजच गेला. डॉक्टरीनबाई मले म्हने, दोघंबी सारखेच आहेत, आपन चहा घेऊ. पन परत येतानी हे रस्ताभर बोलत होते. किती दिवसानं मी त्याईचा एवढा आवाज ऐकला.

आता हप्त्यातून दोनदा तीनदा डॉक्टरकडून मानूस येते अन् ह्याईले घेऊन जाते. राहतात तिकडं दिवसभर. कधी रागावून येतात, म्हने डॉक्टरले काही समजत नाही, जाऊन नाही राह्यलो आता. दुसऱ्या दिवशी सकाऊन आंघोळ करून वट्ट्यावर तयार. मले कधी कधी वाटते का डॉक्टरनं गाडी नेली का माह्या मानसाले नेलं? मंग वाटते नेलं तं नेलं, हासते तं आहे. मंग वाटते मंग मी एकटी वरातीत कायले जातो? माह्या बाजूची सीट खाली राहते. अन् या नव्या गाडीले गेअरबी सोताच पडतात, कोनी सांगाची गरजच नाही. छत उघडलं का पोट्टे टाळ्या वाजवतात, पन ते छत सारं डिक्कीत जाते, नवरदेवाले बसाले घडीच नाही राहत. मंग सुताराकडून फळी करून घेतली, तिच्यावर गादी. काही लोक फोनवर इचारतात, लाल गाडी आहे ना? म्हतलं नाही. तं म्हनतात बरं, इचारून सांगतो. काही लोक म्हनतात नवी आहे ना, मंगच पाहिजे. मी काय समजाव?

कालचंच सांगतो. देऊळघाटच्या लग्नाले हे आले होते माह्यासंग, म्हने आज डॉक्टर बाहेरगावी आहेत. वरात संपली, आम्ही गाडीत बसून जिलेबी खाऊन राह्यलो, ह्याईले अर्धीच, साखर आहे ना. तं एकदम म्हने, कमल, हिचा रंग कोनता आहे? एवढे महिने झाले, ह्याईनं इचारलंच नव्हतं अन् मी सांगितलंच नव्हतं. म्हतलं पिवया. म्हने पिवया म्हनजे कसा, झेंडूवानी का हयदीवानी? मी पाहून राह्यली, पाहून राह्यली, मले ठरवताच नाही आलं. उन्हात एक दिसते, मांडवाच्या सावलीत दुसरा. म्हतलं घरी गेल्यावर सांगतो.

ती पाहा बाहेर उभी आहे, तुम्हीच सांगा, तुमचे डोये अजून चांगले आहेत. हयद म्हनता? नक्की? बरं. मंग त्याईले तेच सांगतो. लग्नाची गाडी आहे, हयदच बरी.