येशूबाबाची खुर्ची

भिलाईच्या सेक्टरमधल्या दवाखान्यात उभं राहून दयारामच्या पायांचे तुकडे पडले होते. समोरच्या बाकावर गयाबाई आणि तिची धाकटी जाऊ गुलाब बसल्या होत्या. मधली जागा रिकामी होती. त्याने विचारलं तर गयाबाई म्हणाली, “भाऊ, तिथं बसले हायेत.” मग ती गुलाबकडे वळली.

“ह्यायच्या तापासाठी शेजारच्या मार्थाबाईनं घरी प्रार्थना ठेवली होती. मी गेली अन् रिकाम्या खुर्चीवर बसली.”

“मंग?”

“ते येशूबाबाची होती म्हणे. दर प्रार्थनेले त्यायच्यासाठी सोडतात.”

“उठायचं ना मंग, बाई.”

“उठलीच. पण गुलाब, मी बसली तवा खुर्ची गरम होती.”

“कोणी बसलं असन आधी.”

“हाव. तेच तं.”

“रागावले असतीन का?”

“तेच भेव हाय. ह्यायचा ताप उतरून नाही राहिला. मार्थाबाई म्हणे, जागा घेतली तं आता तुम्हीच जागा द्या. तवापासून जिथं बसली तिथं बाजूची जागा सोडून राहिली.”

आतून नर्स आली. “गयाबाई, आपके आदमी का बुखार उतर गया. लेकिन खाट के पास कौन बैठा है? उसको बाहर बुलाओ.”

गुलाबने गयाबाईकडे पाहिलं. गयाबाईने पदराने बाक पुसला.

“या भाऊ, बसा. खाली झाली जागा.”

दयाराम बसला. जागा अजून गरम होती.