सहा चाकांच्या जागी रेघा

टायरवाल्याकडे हवा भरायच्या रांगेत ट्रेलर ओढणारा ड्रायव्हर खोळंबला होता. पुढची म्हातारी हातातला छोटा स्क्रीन घेऊन हटेना. तो आधी चरफडला, मग तिचं अन् टायरवाल्याचं बोलणं ऐकू लागला.

"बघ रे बाबा, हा बिघडलाय."

"मावशी, हा तर चाकांतली हवा दाखवणारा. गाडी कुठंय?"

"लेकाकडे. गाडी कसली, घरच ते! शेगडीपासून पलंगापर्यंत सगळं चाकांवर. बायको-पोरीला घेऊन निघाला, अन् हा माझ्या खिडकीतच राहिला."

"मग हवा उतरली तर त्यांना कळणार कसं?"

"दुसरा घेतला असेल. फोनवर विचारलं, की 'हो गं आई' म्हणतो अन् ठेवून देतो."

"कधी गेले?"

"पोरीला दात आले नव्हते तेव्हा. आता शाळेतल्या गमती सांगते."

"बरं, याला झालंय काय?"

"सहाही चाकं दिसतात, पण आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा. गाडी दारात होती तेव्हा मी रोज सकाळी बघायचे, चाकं थंड असताना. तो हसायचा. म्हणायचा, 'आई, निघायचं अजून ठरलंसुद्धा नाही.'"

"बिघडला नाही हा, मावशी. चाकं जवळ असली तरच आकडे येतात."

"जवळ म्हणजे?"

"गाडी दारात आली की झालं."

"म्हणजे त्यानं कडी वाजवायच्या आधीच मला कळेल?"

"कळेल की."

मागून कुणीतरी हॉर्न दाबला. ड्रायव्हरनं वळून त्याला हातानंच गप्प केलं.

"मग यात नवा सेल घाल. चांगल्यातला बघ, पुष्कळ दिवस टिकणारा."